अण्णांच्या खिशातलं लग्न

आमचे अण्णा सिनेमा खिशात घालून हिंडायचे. सदऱ्याच्या वरच्या खिशात इरकली लुगड्याच्या काठाची शिवलेली पिशवी आणि त्या पिशवीत साबणाच्या वडीएवढा प्लेअर. संध्याकाळ झाली की रंकाळ्याच्या कट्ट्यावर पाय खाली सोडून बसायचे, प्लेअर तळहातावर धरायचे आणि त्यात तोंड घालायचे. इयरफोनची एक गोळी डाव्या कानात, दुसरी छातीवर लोंबत असायची. दोन्ही कानांत घाला की, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, "न्हाय गं पोरी. एक कान दुनियेला ठेवावा. कुणी हाक मारली तर?" समोर एवढं पाणी, त्यावर तांबूस होत चाललेलं आभाळ, मागं भेळेच्या गाड्यांवर एकेक दिवा लागतोय, आणि हा माणूस हातातल्या चिमूटभर पडद्यात बुडालेला. मला तेव्हा त्यांचा रागच यायचा.

अण्णा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. मंगळवार पेठेत आमच्या समोरच राहायचे. उभा जन्म कापडाच्या दुकानात गेला आणि दुकान पुतण्याच्या हवाली केल्यावर हा सिनेमाचा नाद लागला. पण नादातसुद्धा दुकानदारी होती. अख्खी पेठ रस्त्यावरच्या पाटीतल्या नकली सीड्या बघायची, अण्णा मात्र अस्सल डीव्हीडी विकत आणायचे आणि कपाटात ठेवायचे. "दुसऱ्याची चप्पल घालून देवळातनं घरी यावं, तसं वाटतंय बघ मला," असं म्हणायचे. कपाट अक्काचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं. लुगड्यांच्या खालचा खण त्यांनी मागून घेतला होता, त्यामुळे अण्णांच्या सगळ्या डिस्कांना डांबरगोळ्यांचा वास यायचा.

अक्काबद्दल आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. लग्न असो, बारसं असो, वास्तुशांत असो, अक्का सर्वांच्या आधी कोठीत शिरायची आणि सर्वांच्या शेवटी बाहेर पडायची. भांडी मोजून घेणार, उरलेलं वाटणार, कुलूप लावणार. अण्णा रिक्षा थांबवून हाका मारायचे आणि आतून तिचं एकच उत्तर यायचं, "व्हा तुम्ही पुढं. मी येतो मागनं." एके वर्षी दिवाळीनंतर तिला साधा ताप आला आणि आठवड्यात ती गेली. दिवसकार्य उरकून शेवटचा पाहुणा गेल्यावर अण्णा उंबऱ्यात बसून मला म्हणाले, "जन्मभर मागनं येतो म्हणाली, आन् गेली पुढं. ही काय रीत झाली?"

तो प्लेअर त्यानंतरचा. जयसिंगपूरला दिलेली त्यांची एकुलती एक मुलगी सुवर्णा, तिच्या नवऱ्यानं तो पाठवला, सासऱ्यांचं मन रमावं म्हणून. पण डिस्क काही त्या वडीत जात नाही. आधी ती कॉम्प्युटरवर घ्यायची, तिचं प्लेअरला पचेल असं रूप करायचं, मग तारेनं प्लेअरमध्ये भरायची. मी तेव्हा एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते, म्हणून अण्णा हे मला विचारायला आले. एकदा दाखवलं, पुढचं त्यांचं त्यांनी जमवलं.

या कामाला ते शिजवणं म्हणायचे. "सिनेमा शिजायला घातलाय, बस जरा, च्या करतो." त्यांच्या मागच्या खोलीत दुपारी पंखा घरघरायचा, परसातल्या शेवग्याची सावली भिंतीवर हलायची आणि पडद्यावर किती शिजलं ते दाखवणारी हिरवी पट्टी मुंगीच्या चालीनं सरकायची. अण्णा खुर्चीत डोळे मिटून बसायचे. मीही तिथंच जमिनीवर वही तपासत बसायचे आणि तपासता तपासता पेंगायचे. पट्टी भरली की डिस्क बाहेर यायची, ती ते तव्यावरची भाकरी धरावी तशी बोटांच्या टोकांनी धरायचे आणि मलमलीनं पुसून तिच्या खणात ठेवायचे. त्या खोलीतल्या दुपारी मला आयुष्यात पुन्हा कुठं मिळाल्या नाहीत.

फक्त एक खोट होती. त्यांनी शिजवलेल्या प्रत्येक सिनेमात आवाज चित्राच्या मागं पडायचा. नायक ओठ हलवून गप्प व्हायचा, मग त्याचं वाक्य यायचं. दार आपटून माणूस निघून गेल्यावर दार वाजायचं. अण्णांचं डोकं फिरायचं. "मुस्काटीत त्यो खातोय आन् आवाज हिच्या गालातनं येतोय. बघ की जरा काय झालंय." मी बघितलं. कॉम्प्युटरच्या सेटिंगमधली एक खूण चुकीच्या चौकटीत होती, ती बदलली आणि सगळी माणसं आपापल्या तोंडानं बोलू लागली. मग त्यांनी सगळे सिनेमे परत शिजवले. सुवर्णाच्या लग्नाची डीव्हीडीही आधी अशीच शिजवलेली होती, ती तेवढी राहिली. तीही परत करू या म्हटलं, तर म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे." आळस असेल, असं मला वाटलं.

पुढं एक दिवस प्लेअरच बंद पडला. दुरुस्तीवाल्यानं रीतसर सांगितलं, चालू करून देतो पण आतलं सगळं जाईल. अण्णा ऐटीत म्हणाले, "जाऊ दे की पावणं. डिस्का माझ्या कपाटात हायत, माझं काय जातंय?" कॉम्प्युटरवरच्या नकला तर ते स्वतःच पुसायचे, घरात पसारा नको म्हणून. आणि खरंच काही गेलं नाही. आठवड्याभरात सगळे सिनेमे परत आत आले, सुवर्णाचं लग्नही आलं. या खेपेला अर्थातच आवाज चित्राबरोबर होता.

त्या दुपारी त्यांनी लग्न लावलं आणि मी शेजारी उभी राहून बघत होते. संपल्यावर त्यांनी कानातली गोळी काढली. चेहरा पार उतरला होता.

"ही न्हवं," ते म्हणाले.

"कोण न्हवं, अण्णा? तुमच्याच डिस्कवरनं घेतलंय की."

"डिस्कवर न्हवतंच ते."

मग हळूहळू सांगितलं. सबंध लग्नात अक्का कुठं दिसतच नाही. कॅमेरा मांडवात आणि ती कोठीत. पळी धरलेला हात एकदा दिसतो, पाठमोरा पदर एकदा दिसतो. आवाज मात्र आहे. शेवटी शेवटी ती वऱ्हाडाच्या बसच्या ड्रायव्हरला विचारते, "जेवलासा का न्हाय अजून? बसा की हितं, मी आनतो." त्यानंतर चित्र बदलतं. मुलगी वाटेला लागली आहे, मांडव रिकामा होत चाललाय आणि अण्णा फेटा मांडीवर घेऊन लोखंडी खुर्चीवर एकटे बसलेत. त्या चुकलेल्या नकलेत अक्काचा आवाज नेमका तिथं पडायचा. आणि पडद्यावरचे अण्णा, कशानं कोण जाणे, नेमके त्याच वेळी मान वर करून बघायचे.

"त्या दिवशी मी उपाशीच हुतो," अण्णा म्हणाले. "पोरगी गेली, घास उतरंना. सगळ्यास्नी इचारलं तिनं, मलाच इचारायचं ऱ्हायलं. तिला तरी सवड कुठली? पण ह्यात इचारायची गं. रोज इचारायची." मग प्लेअर माझ्या हातात दिला. "बरोबर करायला तू शिकवलंस. आता चुकवायला शिकव."

आता हे काम सोपं असेल असं तुम्हाला वाटेल. ती खूण मी परत होती तिथं नेऊन ठेवली, तर प्लेअर दुरुस्तीनंतर असा शहाणा झाला होता की आवाज काही मागं पडेना. मग मला आवाज मुद्दाम मागं सरकवायची सोय सापडली, पण किती सरकवायचा? कुणी मोजून ठेवलंय का? अण्णांच्या डोळ्यांत जेवढं होतं तेवढंच माप. पुन्हा त्या दुपारी सुरू झाल्या, पंखा, शेवग्याची सावली आणि सरकणारी पट्टी. लग्न शिजायचं, एकेक गोळी कानात घालून आम्ही बघायचो आणि अक्का भलत्यालाच जेवायला बसवायची. एकदा तिनं सनईवाल्याला विचारलं, त्याचे गाल फुगलेले. एकदा व्याह्यांना विचारलं, ते तर दात कोरत होते. अण्णा खो खो हसले. अक्का गेल्यापासून मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. "ह्याला कशाला इचारतीस, चार लाडू हाणलेत त्यानं," असं पडद्याला म्हणाले आणि मला म्हणाले, "अजून जरा मागं घे."

माझ्या मनात मात्र धाकधूक असायची. डिस्क फिरून फिरून झिजेल, चरा पडेल, एवढंसं जे उरलंय तेही जाईल, असं वाटायचं. आई म्हणायची, म्हाताऱ्याला वेड लागलंय आणि तुला त्याहून जास्त. असेल. पण त्या आवाजाला त्याची जागा मिळाल्याशिवाय मलाही चैन पडेना.

आणि एका दुपारी ती मिळाली. फेटा मांडीवर, रिकामा मांडव, वाऱ्यानं हलणारी झालर. "जेवलासा का न्हाय अजून?" पडद्यावरच्या अण्णांनी मान वर केली. खुर्चीतले अण्णा हळूच म्हणाले, "न्हाय अजून." मी उठून परसात गेले आणि शेवग्याखाली उभी राहिले.

त्यानंतर ते रंकाळ्यावर बहुतेक तेच बघायचे. त्यांचं जरा विचित्र होतं. चित्र संपलं, पडदा काळा झाला, तरी कानातली गोळी काढायचे नाहीत. पाण्यावर अंधार उतरत असायचा, हातात काळी वडी आणि अण्णा तसेच बसून. डुलकी लागली असेल, असं मी धरून चालायचे. मग स्वतःच उठायचे, धोतर झटकायचे आणि म्हणायचे, "चला."

अण्णा गेले ते सुवर्णाकडं, जयसिंगपूरला, सकाळचा चहा झाल्यावर. दिवस झाल्यावर सुवर्णानं इरकली पिशवी माझ्या हातात ठेवली. "अण्णा म्हणाले हुते, हे तिला द्या. तिलाच चालवाय येतंय." तिला त्या चुकीबद्दल ठाऊक नव्हतं. मीही काही बोलले नाही, तिच्या लग्नात बाप उपाशी होता हे तिला आता कळून काय उपयोग?

मग एका संध्याकाळी मी तो प्लेअर घेऊन रंकाळ्यावर गेले. कट्ट्यावर त्यांच्या जागी बसले आणि त्यांच्यासारखीच एक गोळी डाव्या कानात घातली. अक्कानं विचारलं, अण्णांनी मान वर केली. मग बस निघाली, मांडवाचे दिवे मालवले आणि पडदा काळा झाला. इथवर आलं की मी प्लेअर नेहमी त्यांच्या हवाली करून टाकायचे, पुढं काही असेल असं कधी मनातच आलं नव्हतं. आज घ्यायला कोणी नव्हतं, म्हणून तसाच हातात धरून बसले.

चित्र संपलं होतं, पण मागं ठेवलेला आवाज अजून यायचा होता. काळ्या पडद्यातून भांड्यांची खुडबुड आली. कोणीतरी लांबून हाक मारली, ते अण्णाच होते. आणि अगदी जवळून, कानाशी, अक्का म्हणाली, "व्हा तुम्ही पुढं. कुलूप लावून मी येतो मागनं."

मला रडू कोसळलं. अण्णा गेले त्या दिवशीसुद्धा आलं नव्हतं. भेळवाला बघत होता, बघू दे. मी गोळी कानातच ठेवली. कडी सरकली, कुलपाचा खटका झाला, बांगड्या वाजवत पावलं चालू लागली. ती ऐकू येईनाशी झाली तेव्हाच मी उठले.