कापसाच्या ढिगावरचा वर्ग

परवा मोताळ्याच्या रस्त्यावर कापसाचा ट्रक शेजारून गेला आणि सरकीचा तो उबट वास नाकात शिरताच माझी कोपरं खाजायला लागली. शाळा-कॉलेजं बंद होती त्या वर्षी भाव नव्हता, म्हणून बीटी बियाण्याचा सगळा कापूस आमच्या पुढच्या खोलीत छपराच्या टिनांपर्यंत भरून ठेवला होता. फोन घरात कुठंही लागायचा, नेट मात्र त्या ढिगाच्या टोकावरच यायचं. मी रोज अंगभर ओढणी गुंडाळून वर चढायची आणि बारावीचं गणित शिकायची. अंगावर पुरळ उठायचं, पण तास बुडायचा नाही. एका सकाळी तास सुरू असतानाच दारात मेटॅडोर लागला. बाबा हसतच आत आले. "उतर खाली, गिऱ्हाईक आलं." "पाचच मिनिटं बाबा, सरांनी मलेच गणित इचारलं." "बरं, तू बस वरतं. आम्ही खालून भरतो." माणसं खालून गाठोडी भरत गेली, ढीग खचत गेला आणि त्याच्यासोबत मीही. मोबाइल डोक्यावर धरला, तरी सरांचा आवाज तुटत तुटत बंद पडला. घर खुशीत होतं, मी रिकाम्या खोलीत उभी होते. दुपारी सरांचा फोन आला. "उत्तर न देता गायब काऊन झाली वं?" मी म्हटलं, "सर, आमचा कापूस इकला." सर म्हणाले, "बरं झालं." आता मीच ऑनलाइन शिकवते. कुणी मधेच गायब झालं, तर रागवायच्या आधी विचारते, "तू बसली कुठं होतीस?"