माइकवाली आत्या आणि उंबऱ्यावरचा उखाणा

आमच्या बस-स्टँडवर गाड्यांची नावं पुकारणारा आवाज माणसाचा नसून मशीनचा आहे, असं अर्धं गाव छातीठोकपणे सांगतं. कसलं मशीन? ती माझी आत्या आहे. बावीस वर्षं काचेच्या खोलीत बसून "सहा नंबरची गाडी फलाटावर लागत आहे" असं ती म्हणते. मी तिची हुबेहूब नक्कल करते. एकदा गच्चीवरून पुकारा केला, तर शेजारचे काका पिशवी घेऊन धावतच निघाले.

मशीनला घाम फुटत नाही, आत्याला फुटतो. खोलीबाहेर चार माणसं जमली की तिची बोलती बंद. स्वतःच्या लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा "पाणी पिऊन येते" म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन चक्क झोपली.

एवढी घाबरट असून ही रोज स्टँडभर बोलते कशी, हे विचारायला लग्न ठरल्यावर माझ्या ताईनं तिला गाठलं. साखरपुड्यात सगळ्यांनी "नाव घे, नाव घे" असा धोशा लावला आणि ताईला उचकी लागली. एक नाही, चांगल्या सतरा. मोठी नणंद म्हणाली, "नाव राहू दे, उचक्याच मोजू या." आता सासरच्या उंबऱ्यावर पुन्हा तेच झालं, तर ती जन्मभर 'उचकी वहिनी' होणार होती.

"पाठ आहे गं आत्या. पण तोंड उघडलं की समोर नुसते डोळेच डोळे."

"मग डोळ्यांना सांगूच नकोस," आत्या म्हणाली. "मी काय स्टँडभर लोकांना सांगते होय? काचेतून एकच माणूस हेरते. ज्याच्याकडे बोचकी जास्त, तो. त्याची गाडी चुकू नये, एवढंच बघते. बाकीचे आपले आपण ऐकतात."

मी फिस्सकन हसले. "तिथं काच कुठंय? सगळ्या नणंदाच. ताई तोंड उघडणारच नाही. लाव पैज."

"हरलीस तर आठ दिवस कुणाची नक्कल करायची नाही."

"आणि जिंकले तर एक गाडी मी पुकारणार."

"ठरलं."

अंतरपाट झाला, हार झाले, सप्तपदी झाली. ताई ठणठणीत होती, कारण तिथं सगळं गुरुजीच बोलत होते. आत्याला दुपारची ड्यूटी होती म्हणून ती स्टँडवर गेली आणि मी पाठराखीण बनून ताईबरोबर सासरी आले.

उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं. त्यामागे नणंदांची भिंत. "नाव घेतल्याशिवाय आत पाऊल नाही हं, वहिनी." मोठीनं तर मोजायला बोटंही उघडली. ताईला पहिली उचकी आली. मी मनातल्या मनात माइक हातात घेतला.

ताई इकडे बघते, तिकडे बघते, आणि एकदम मागे वळली. मागे उन्हात सासरे उभे होते. दोन्ही हातांत तिच्या बॅगा, काखेत अहेराचं गाठोडं, दार अडवलेलं म्हणून बिचारे ताटकळलेले. ताई त्यांच्याकडे बघून, शेजारी बसून गप्पा माराव्यात तशी म्हणाली,

"दार अडवून उभ्या नणंदा, हसतात गालात,
…रावांचं नाव घेते, येऊ द्या मला घरात."

(नाव मी गाळलंय. भावजी फार लाजाळू आहेत.)

सासरे म्हणाले, "अगं, माझी कुठं ना आहे? या पोरींना सांग. माझे खांदे निखळायला आलेत."

हशा पिकला. मोठी नणंद आधी बाजूला झाली आणि तिनंच गाठोडं घेतलं. ताईनं माप ओलांडलं. आत गेल्यावर आणखी दोन उचक्या आल्या, पण मोजायला कुणी नव्हतं.

मी आत्याला फोन लावला.

"घेतलं नाव?"

"घेतलं."

"मग आजपासून आठ दिवस," ती म्हणाली आणि फोन ठेवून गाडी पुकारायला गेली.

त्यातले तीन दिवस मला त्या घरी काढायचे होते. सासरे तीन हप्त्यांत शिंकतात. मोठी नणंद झोपेतही हुकूम सोडते. साहेबांचा फोन आला की भावजी जेवता जेवता उठून उभे राहतात. एवढा नवा कोरा माल समोर, आणि मी तोंडाला कुलूप लावून भात कालवत बसलेली.