पाठ केलेलं उत्तर

रेझ्युमेवर नेटवर्किंगचं मोठं सर्टिफिकेट दिसलं की माझ्या कपाळाला आठी पडते. त्याने पगार वाढतो, मॅनेजर माना डोलावतात, आणि मी मनात म्हणतो, हे कुठून पाठ केलं? परीक्षेचे फुटलेले प्रश्न उत्तरांसकट पीडीएफमध्ये मिळतात. आमच्या धंद्यात त्याला डम्प म्हणतात.

अमेरिकेत, टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या ऑफिससाठी मी व्हिडिओवर मुलाखत घेत होतो. समोर मूळची नागपूरची एक बाई होती. तिची नोकरी गेली होती आणि नवी शोधायला व्हिसावर मिळतात त्या साठ दिवसांतले अकराच उरले होते. तेवढ्यात काम मिळालं नाही, तर बॅगा भरून परत जायचं. हे मला रिक्रूटरने सांगितलं होतं. मला दया आली नाही. वाटलं, अडलेला माणूस काहीही करतो.

ती फटाफट उत्तरं देत होती, पण दर वेळी आधी तिची नजर डावीकडे जायची.

"कॅमेरा जरा डावीकडे फिरवता का?" मी सरळ मराठीतच विचारलं.

तिने लॅपटॉप फिरवला. भिंतभर कागद चिकटवले होते. हाताने काढलेल्या आकृत्या, खोडाखोड, बाजूला पेन्सिलीने लिहिलेली कारणं.

"माझ्याच नोट्स आहेत, सर. रिमूव्ह करते, मग विचारा ना."

तिने एकेक कागद काढला. मी खुशाल बघत बसलो. मग माझा हुकमी प्रश्न टाकला. स्क्रीनवर आकृती दाखवून विचारलं, राउटरपुढे या दोन वाटा आहेत, तो कुठली धरेल?

"दुसरी."

"चूक. पहिली," मी म्हणालो. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

"सर, ते आन्सर एका जुन्या डम्पमध्ये आहे. रॉंग आहे ते. मी लॅबमध्ये करून बघितलं, दुसरीच येते."

माझे कान तापले. बारा वर्षांपूर्वी तोच डम्प घोकून मी पास झालो होतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे. याच प्रश्नावर मी आजवर किती जणांना घरी पाठवलं असेल, कुणास ठाऊक.

मुलाखतीचा फॉर्म भरताना माझं बोट बराच वेळ 'नको'वर होतं. ती आली तर रोज शेजारी बसणार, आणि तिला सगळं माहीत असणार. शेवटी 'घ्या' केलं. त्यात चांगुलपणा कमी होता. नाही घेतलं तर बाहेर बोलेल, ही भीती जास्त.

ती आली. मॅनेजरशी हसून बोलली की मला वाटायचं, माझ्याबद्दलच असणार.

गेल्या महिन्यात माझ्या सर्टिफिकेटची मुदत संपत आली आणि परीक्षा पुन्हा द्यायची वेळ आली. सकाळी माझ्या टेबलावर तिच्या भिंतीवरचे ते कागद होते. ती म्हणाली, "तुम्हाला यूज होतील, सर." मी प्रत्येक पान उलटून टोमणा शोधला. कुठेच नव्हता. त्या दोन वाटांचं पान मात्र सापडलं. तिनेही आधी 'पहिली'च लिहिलं होतं. मग खोडलं होतं.