मागच्या ट्रकला न कळलेला इशारा

कारखान्याच्या बसचा ड्रायव्हर इतका जपून गाडी चालवायचा, की कामगारांनी त्याचं नाव 'सावकाश' पाडलं होतं. त्याची धाकटी बहीण त्याच कारखान्यात पॅकिंगला होती, तिचा नवराही तिथेच कामाला. मैत्रिणींबरोबर ती शेवटच्या बाकावर बसायची आणि तिथूनच म्हणायची, "दादा, चालत निघाले असते तर एव्हाना पोचून चहा झाला असता."

मग त्या रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्यांसारखी कारखान्याने आपल्या गाड्यांनाही एक डबी बसवली. पुढच्या गाडीने करकचून ब्रेक दाबला, की तिच्या डबीतून मागच्या गाड्यांना बिनतारी इशारा जायचा. त्यांच्या डब्या तो आणखी मागे पोचवायच्या. धुक्यातलं संकट दिसण्याआधी कळायचं.

"माझ्यासारखीच भित्री आहे," सावकाश कौतुकाने म्हणायचा.

हिवाळ्यातल्या एका सकाळी धुकं इतकं दाट होतं, की रस्त्याची कडही दिसेना. डबी वाजली. सावकाशने ब्रेक दाबला. बस थांबली तेव्हा पुढे हातभर अंतरावर टँकर आडवा पडलेला होता. आत कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि तेवढ्यात मागून धडक बसली.

मागचा ट्रक जुनाट होता. त्यात डबीच नव्हती. बहीण आणि तिच्या शेजारची मैत्रीण जागीच गेल्या.

चौकशीत सावकाशचा काही दोष निघाला नाही. मेहुण्याने मात्र एकदा विचारलंच, "दादा, इतका जोरात ब्रेक कशाला मारलात?"

"पुढे टँकर होता."

"माहीत आहे मला."



ट्रकवाल्याला चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून सावकाश हॉस्पिटलात गेला. त्याच्याच वयाचा माणूस, दोन्ही पाय प्लास्टरमध्ये.

"तुमचे दिवे दिसले तेव्हा अंतरच उरलं नव्हतं," तो म्हणाला. "डबी बसवा म्हणून मालकाच्या किती मागे लागलो होतो."

 सावकाश त्याची घसरलेली उशी नीट करून बाहेर पडला.

दुसरं काम येत नव्हतं, म्हणून तो पुन्हा बसवर रुजू झाला. पण आता डबी वाजली की पायाआधी त्याची नजर आरशाकडे जायची, मागे कोण आहे ते बघायला. एकदा तेवढ्या उशिराने बस पुढच्या मोटारीला टेकली. नुसता पोचा आला. त्याच दिवशी त्याने किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"अहो, कुणाला काही झालं नाही ना?" साहेब म्हणाले.

"अजून नाही," सावकाश म्हणाला.

आता तो त्याच आवारात बस धुतो. मेहुणा बोलतो त्याच्याशी, पण कामापुरतंच.