धानाच्या बांदीत लाखोळी

डिंपल रहांगडालेला कॉम्प्युटरचा राग येत नसे, माणसांचा येई. गोंदियातल्या एका क्लासमध्ये ती दिवसभर टायपिंग शिकवायची आणि संध्याकाळी कामठ्याला घरी परतली की शेतीच्या एका विदेशी गेममध्ये आपल्याकडची पिकं घालत बसायची. त्या गेममध्ये गहू होता, मका होता, पण धान नव्हता. तिने घातला. नुसता पेरून उगवणारा धान तिला पटेना, म्हणून आधी पऱ्हे म्हणजे रोपं आणि मग बांध घातलेल्या बांदीत त्या पऱ्ह्यांची रोवणी, अशी दोन वेगळी पिकं तिने रचली. यादीत धानाखाली लाखोळीचं कडधान्य आणि जवस जोडले. तिची फाईल जिल्हाभरातली माणसं उतरवून घेऊ लागली, आणि तिथूनच तिच्या डोक्याला ताप सुरू झाला.

सगळ्यात जास्त ताप तिरोड्याच्या चंद्रकुमार पटलेंचा. वय पन्नाशीच्या पुढे, गेमचा नाद पोरांपेक्षा भारी. एके दिवशी त्यांचा फोन आला.

"मॅडम, माह्या बांदीत धान रोवलो होतो, तं लाखोळी उभी होऊन राहिली."

"काका, फाईलमध्ये काही बदल केला का?"

"मी कायले हात लावू?"

फाईल पाठवा म्हटलं तर त्यांनी स्क्रीनचा तिरपा फोटो पाठवला, त्यात निम्मा त्यांचा अंगठा. गेम पुन्हा टाका म्हटलं तर त्यांनी पुन्हा फोन केला. डिंपलने फोन उचलणं सोडलं. मग एका रविवारी सकाळी ते स्वतःच दारात उभे राहिले. मोटरसायकलच्या मागे दोरीने बांधलेला कॉम्प्युटरचा अख्खा डबा होता, आणि वर पोतं.

"चालून नाही राहिला, म्हणून घेऊनच आलो," ते म्हणाले.

तिच्या आईने, देवकाबाईने, चहा ठेवला. डिंपलने दात आवळून तारा जोडल्या आणि पिकांची फाईल उघडली. त्यात प्रत्येक पिकाची नोंद असते: नाव, वाढीचे टप्पे, चित्र आणि किती पीक निघेल तो उतारा. गेम ती यादी वरून खाली वाचतो आणि ओळीने क्रमांक देत जातो. खेळणाऱ्याच्या शेतात मात्र पिकाचं नाव साठवलेलं नसतं, नुसता क्रमांक असतो. मधली एक नोंद वाचता आली नाही तर गेम ती मुकाट्याने वगळतो आणि खालची सगळी पिकं एकेक घर वर सरकतात. धान गळला की त्याच्या क्रमांकावर लाखोळी येऊन बसणारच.

म्हणजे धानाची नोंद बिघडली होती. तिने ती ओळ पाहिली आणि डोळे मिटून घेतले. उताऱ्याच्या जागी '२०' लिहिलं होतं. मराठीत.

"काका, हे कोणी लिहिलं?"

चंद्रकुमार चहाच्या कपात बघू लागले. "ते तं थोडंसंच वाढवलो. तुम्ही उतारा लय कमी ठेवल्या. एवढ्यात कोणाचं भागते?"

"हात लावला नाही म्हणाला होतात."

"हे हात लावणं थोडीच झालं? नंबर तं बदललो फक्त."

"गेमला मराठी अंक वाचता येत नाहीत."

"काऊन?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं. "धान मराठी, पऱ्हे मराठी. मग वीसच काऊन इंग्रजी?"

पडद्याआड देवकाबाई हसली. डिंपलला तेही आवडलं नाही. तिने '२०' पुसून तिचा मूळचा इंग्रजी 10 टाकला, गेम सुरू केला. लाखोळी गेली, बांदीभर धान उभा राहिला. काका खुर्ची ओढून पुढे सरकले आणि एकेक बांदी निरखू लागले. तेवढा वेळ तिचा राग जरा उतरला.

"दहाच ठेवल्या का?" ते म्हणाले.

राग पुन्हा चढला.

ते गेल्यावर तिने फाईलच्या सूचनांमध्ये सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: अंक फक्त इंग्रजीत लिहावेत. सूचना टाकून ती भाकरी खायला बसते न बसते तोच खाली पहिला प्रश्न आला:

"दीदी, अंग्रेजी में मतलब 'ट्वेंटी' लिखना है क्या?"