बॉनेटवरची सही
नव्या गाडीच्या सीटचा वास आला की लातूरच्या शोरूमबाहेरची ती सकाळ आठवते. औशाच्या माझ्या भाच्यानं भाड्यानं चालवायला गाडी घेतली होती आणि त्यातले निम्मे पैसे मी उसने दिले होते. चाकाखाली लिंबं, बॉनेटवर झेंडूचा हार, भाच्याच्या हातात नारळ. आनंदानं माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते! तरी नारळ फुटायच्या आधी मी पिशवीतून स्टॅम्प पेपर काढला. बहीण भडकलीच. "पोरगं तुझ्या अंगाखांद्यावर वाढलं, अन् त्याच्याकडून लिहून घ्यायलीस? लोक काय म्हणतील?" मी म्हणाले, "लोक पैसे फेडणार न्हाईत." भाचा खो खो हसला, गाडीला कुंकू लावलेल्या बोटांनीच पेन धरला आणि बॉनेटवर सही ठोकली. "झालं! मावशी, आता पुढं बस." फाडकन नारळ फुटला अन् आम्ही काचा खाली करून थेट नांदेड गाठलं. शेवटचा हप्ता मिळाला त्या दिवशी मी तो कागद फाडायला निघाले, तर भाच्यानं हिसकावून घेतला. परवा त्याचा धाकटा भाऊ गाडीसाठी त्याच्याकडं पैसे मागायला आला. भाच्यानं कुंकवाचा डाग पडलेला तोच कागद त्याच्यापुढं ठेवला, "देतो की. आधी अस्सा लिहून आण."