तीन नंबरच्या पॅनेलमधलं दही

सांगू की नको, असं माझं बरेच दिवस चाललं होतं. पण ऑफिसात सगळ्यांना कळलंच आहे, तेव्हा म्हटलं, दुसऱ्यांनी मीठमसाला लावून सांगण्यापेक्षा माझं मीच सांगावं. चहा घ्या हातात. माझी अशी काही फजिती झालीय की माझ्या सासूबाईंच्या दह्याचं नाव थेट वीज कंपनीच्या दफ्तरात गेलंय!

मी वीज कंपनीत इंजिनिअर आहे. हो हो, खरंच. बाळंतपणाच्या रजेवरून परतले तेव्हा माझाच त्यावर विश्वास बसत नव्हता. आणि परतून बघते तर काय, आमचं ऑफिसच जागेवर नाही! ग्वाल्हेरातलं लश्करचं आणि मुरारचं, अशी दोन्ही ऑफिसं एकात मिसळून टाकलेली. कागदावर याला एकीकरण आणि पुनर्रचना म्हणतात. प्रत्यक्षात अर्थ एवढाच, की खुर्ची एक आणि बसणारे दोन.

एकाने ग्वाल्हेरात राहून लाइनमन लोकांना नवे चष्मे शिकवायचे, दुसऱ्याने लांब श्योपूरला जायचं. दुसरे म्हणजे मुरारवाले चतुर्वेदीजी. शर्टाला इस्त्री, बोलण्याला इस्त्री, हजेरी वक्तशीर. आणि मी? पदरात दहा महिन्यांची मनू, ओढणीवर तिच्या बिस्किटाचा लगदा. श्योपूर मिळालं तर मनूला आईंपाशी, म्हणजे सासूबाईंपाशी सोडून मी रविवारची पाहुणी.

आता हे चष्मे काय प्रकरण आहे? डोळ्यांवर चढवले की समोरचं सगळं दिसतंच, पण वर हवेत अक्षरंही तरंगतात. सबस्टेशनमध्ये लोखंडी कपाटासारखी पॅनेलं असतात, त्यांतून त्या-त्या भागाची वीज चालू-बंद करतात. त्या पॅनेलवर एक चौकोनी स्टिकर लावायचा. चष्म्याने स्टिकर ओळखला की आपण ठेवलेल्या सूचना बरोबर जागच्या जागी उमटतात. इथे हात लावू नका, आधी हे बंद करा, वगैरे. याला ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात. आई म्हणतात, “म्हणजे नसलेलं दिसतं. आमच्याकडे याला अंगात आलं म्हणायचे.”

ठरलं असं, की दोघांनी एकेका पॅनेलच्या सूचना तयार करायच्या आणि सोमवारी हेड ऑफिसहून येणाऱ्या सक्सेना मॅडमना दाखवायच्या. माझ्या वाट्याला तीन नंबरचं पॅनेल. शनिवारीच मी सगळ्या सूचना हिंदीत, नियमाबरहुकूम, चिकटवून आले. तिथे थांबायला नको होतं का? पण नाही! माझा जीव असा, की गॅस बंद केला तरी जिन्यावरून दोनदा परत येऊन बघणार. म्हटलं, चष्मा घरी नेऊन त्यावर हात बसवू. जयेंद्रगंजच्या दुकानात तीन नंबरच्याच स्टिकरची फोटोकॉपी काढली आणि रविवारी घरच्या फ्रिजवर लावली. उंचीने, रुंदीने आमचा फ्रिज म्हणजे तीन नंबरचा सख्खा भाऊ.

चष्म्याला नुसतं बोललं तरी तो लिहून घेतो. सरावच तर करायचा होता, म्हणून तोंडात आलं ते मराठीत बोलत गेले. मनू पायाला लोंबकळत होती, आई कुकरची शिट्टी मोजत होत्या. शेवटी चष्म्याने विचारलं, जुन्या सूचना काढून नव्या ठेवू? मी म्हटलं, ठेव बाबा.

अहो, फ्रिजवर जुन्या सूचना कुठून येणार, एवढी साधी शंका एका इंजिनिअरला यायला नको? चष्मा ना फ्रिज ओळखतो, ना पॅनेल. तो ओळखतो फक्त स्टिकर!

सोमवारी सबस्टेशनात ही गर्दी. सक्सेना मॅडम पन्नाशीच्या, खादीची साडी, चेहऱ्यावर हसू नावाची गोष्टच नाही. त्यांनी चष्मा आमच्या भदौरियाजींना घालायला दिला. भदौरियाजी म्हणजे जुने लाइनमन, आवाज असा की खांबावरून बोलले तरी खाली माइक लागत नाही. त्यांना जे दिसेल ते भिंतीवरच्या टीव्हीवर आम्हा सगळ्यांना दिसणार.

आधी चतुर्वेदीजींचं पॅनेल. वा! परिच्छेदच्या परिच्छेद, मॅन्युअलमधले जसेच्या तसे. भदौरियाजींनी सगळं वाचून चष्मा काढला. मॅडमनी विचारलं, “क्या याद रहा?”

“मैडम, अक्षर बहुत बढ़िया थे.”

मग माझं. भदौरियाजी तीन नंबरसमोर उभे राहिले, स्टिकरकडे पाहिलं, आणि टीव्हीवर पॅनेलच्या वरच्या बाजूला ठसठशीत अक्षरं उमटली:

आईंचं दही. सोवळ्यातलं. विचारल्याशिवाय हात लावू नको.

शेजारी कोण उभं आहे हे न बघता तोंडातून निघून गेलं, “मेले! आईंच्या दह्याने बुडवलं मला!”

आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी लोकांना एक खोड आहे. समोर हिंदी आडनाव दिसलं की मराठी ही आपली घरातली गुप्त भाषा समजायची. टोपी बाजारात दुकानदाराच्या देखत “महाग सांगतोय, चल निघू” म्हणायचं आणि त्याला काही कळलं नाही अशा थाटात हसायचं. सक्सेना मॅडम शेजारीच उभ्या होत्या. मी निर्धास्त.

“मैडम, इसमें दही लिखा है,” भदौरियाजी गरजले.

आता देवनागरी ती देवनागरी. दही तिकडेही दहीच! मॅडमनी माझ्याकडे मान वळवली. “दही?”

आणि मग माझ्या अंगात खरंच आलं. मी म्हटलं, “कोड वर्ड है, मैडम. केबल बंद करने के बाद भी उसमें चार्ज रह जाता है. जमा हुआ. इसलिए दही. बिना अर्थिंग किए हाथ नहीं लगाना.”

“अच्छा,” मॅडम म्हणाल्या. “आगे.”

पुढची सूचना दाराच्या मुठीवर: दार लागल्यासारखं वाटतं, लागत नाही. गुडघ्याने ढकल.

“पैनल का दरवाज़ा पूरा बंद हुआ कि नहीं, धक्का देकर देखना है,” मी ठोकून दिलं. भदौरियाजींनी लगेच गुडघा लावला. आणि खटकन आवाज आला की हो! दार खरंच अर्धवट होतं. मागे दोघांनी टाळ्या वाजवल्या. चतुर्वेदीजी मात्र टक लावून माझ्याकडे बघत होते.

खाली, पायापाशी: मनू इथे रांगत असते. पाय टाकण्याआधी बघ.

“ये मनू कौन है?” चतुर्वेदीजींनी अगदी गोड आवाजात विचारलं.

“हेल्पर है.”

“और रांगत माने? रेंगता है क्या?”

“केबल की नाली में काम करेगा तो रेंगेगा ही ना, सर! चालू करने से पहले देख लो, नीचे अपना कोई आदमी तो नहीं है.”

सबस्टेशनात हा विषय हसण्याचा नसतो. भदौरियाजींनी वाकून खाली खरंच पाहिलं.

शेवटची सूचना उजवीकडे होती. आमच्या फ्रिजच्या उजवीकडे गॅसची शेगडी आहे ना! अक्षरं उमटली: बंद केलंय असं वाटतंय ना? परत जाऊन बघ.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात भदौरियाजी म्हणाले, “ये तो हम समझ गए, मैडम. हमारी घरवाली भी रोज़ यही बोलती है.”

मॅडमनी त्यांना चष्मा काढायला लावला आणि तोच प्रश्न. “क्या याद रहा?”

भदौरियाजींनी बोटांवर मोजत सांगितलं. “दही को हाथ नहीं लगाना. दरवाज़े को घुटना. मनू को देखना. और बंद किया तो वापस जा के देखना.” एक शब्द चुकला नाही!

मॅडमनी काही लिहिलं. चहाला सगळे बाहेर गेले तेव्हा मला हाताने थांबवलं. मी मनातल्या मनात श्योपूरची बस शोधत होते.

“सोवळ्यातलं दही,” मॅडम स्वच्छ मराठीत म्हणाल्या, “फ्रिजमध्ये? माझ्या आईने तुला घरात घेतलं नसतं.”

“मॅडम... आपण?”

“माहेर इथलंच, दौलतगंजातलं मराठी घर. लग्नानंतर आडनाव बदललं, कान नाही बदलले.”

“मॅडम, मी सगळं पुसते, शनिवारच्या सूचना होत्या, त्या खूप चांगल्या...”

“त्या पाहिल्यात मी शनिवारीच, हेड ऑफिसातून. चतुर्वेदींसारख्याच होत्या. माणूस वाचून विसरतो. हे लिहिताना तू कुणाला तरी जपत होतीस, म्हणून भदौरियांच्या डोक्यात बसलं. हिंदीत कर आणि सगळ्या पॅनेलांना लाव. श्योपूरला चतुर्वेदी जातील.” आणि मग विचारलं, “मनूला कोण सांभाळतं?”

“सासूबाई.”

“दहीवाल्या? त्यांना सांग, पॅनेलवरचं दही तसंच राहणार म्हणावं. हिंदीत करताना ते काढू नकोस.”

जिंकले! मी जिंकले हो! बाहेर चतुर्वेदीजींनी हात जोडले. “बधाई. और मनूजी को हमारा नमस्ते कहिए.” म्हणजे मनू कोण ते त्यांनाही कळलं होतंच. आता सगळ्या भागात लाइनमन एकमेकांना ओरडून विचारतात, “दही देखा क्या?” आणि मगच हात लावतात. मनू नावाच्या हेल्परला अजून कुणी पाहिलेलं नाही, पण त्याला सांभाळतात सगळे.

मी पेढे घेऊन घरी आले. आईंना मिठी मारली, मनूला गरगर फिरवलं, पेढे फ्रिजमध्ये ठेवले आणि अर्ध्या गल्लीला बातमी सांगून आले. तीन-चार तासांनी स्वयंपाकघरातून आईंची हाक आली.

जाऊन बघते तर फ्रिजचं दार उघडं, खाली पाण्याचं तळं, दही आंबून गेलेलं, आणि त्या तळ्यात मनू पेढे खात बसलेली.

आई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “अगं, तुझ्या त्या चष्म्याला म्हणावं, एकदा आमच्या सूनबाईलाही वाचून दाखव.”